लाल ओळींचा राखणदार

चेअरमनच्या मेव्हण्यानं माझ्या बागेची पाण्याच्या टँकरची पाळी लाटली, आणि सोसायटीच्या ऑपरेटरनं ती त्याला आपल्या हातानं काढून दिली.

ऑपरेटर माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. मोसंबीच्या बागांना जाणाऱ्या टँकरच्या पाळ्या त्याच्या कॉम्प्युटरवर असतात. चुकीचा पासवर्ड टाकून कोणी शिरू पाहिलं, तर मशीन त्याला अडवतं आणि पडद्यावर लाल ओळ उमटते. रोज सकाळी की-बोर्डवरची धूळ फुंकून तो या ओळी कौतुकानं वाचायचा.

"बघा आण्णा, परत कोणतरी धडका देतंय. पर आपलं मशीन लई कडक हाय!"

धडका चेअरमनच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून येतात, हे त्याच ओळीत पुढं लिहिलेलं असे. तिथपर्यंत तो वाचतच नसे.

शेवटी मेव्हणा स्वतःच ऑफिसात आला. ऑपरेटरनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि पाळ्या उघडून दिल्या.

"मशीननं ज्याला अडवलं, त्यालाच तू आत घेतलंस का बे?" मी ओरडलो.

"आण्णा, माणूस दारात आल्यावर न्हाई कसं म्हणावं?" असं म्हणून त्यानं मलाही खुर्ची दिली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. मी ते प्यायलो, आणि आणखीच चिडलो.

माझी झाडं वाळताहेत. आपल्या केबिनमधून कोण धडका देत होतं, हे चेअरमननं भर सभेत उभं राहून सांगावं. ऑपरेटरला पुढं करून भागणार नाही.