गुरुवार रात्रीचा बर्फ

छतातून पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली एक इंग्रज बाई हात वर करून नाचत होती. हाही कार्यक्रमाचाच भाग आहे असं तिला वाटलं असावं. बाकीची मंडळी घामाने निथळत भिंतीला टेकली होती. मला घरून झोपेतून उठवून बोलावलेलं. मी आत शिरतोय तोच आमचे मॅनेजर प्रेस्कॉटसाहेब अंगावर आले, "तुमचा माणूस ड्यूटीवर झोपतो."

माझा माणूस म्हणजे दत्ताराम, आमचा एसी मेकॅनिक. तो त्या वेळी शिडीवर उभा राहून फॉल्स सीलिंगमध्ये टॉर्च मारत होता. झोपलेला माणूस शिडीवर कसा चढतो, हे मी विचारलं नाही. साहेबाला असले प्रश्न आवडत नसत.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बहारीनला हूरा नावाच्या वस्तीतल्या एका हॉटेलात मेंटेनन्स इंजिनियर होतो. प्रेस्कॉटसाहेब उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्याशा गिरणगावातून आलेले. तिथे म्हणे तरुणपणी ते रात्र रात्र सोल म्युझिकवर नाचत. तीच हौस भागवायला त्यांनी आमचा बँक्वेट हॉल दर गुरुवारी 'ऑल नाइट सोल क्लब' करून टाकला. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी जागरण. आता विचार करा. गाणी अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, नाचणार गोरे, गाव अरबांचं, ग्लास भरणार मल्याळी आणि हे सगळं प्रकरण पहाटेपर्यंत थंड ठेवणार आम्ही दोघे मराठी. कौतुक मात्र कोणाचं, तर रेकॉर्ड लावणाऱ्याचं.

बिघाड काय होता ते सोप्या भाषेत सांगतो. एसीमध्ये एक थंडगार नळ्यांचं जाळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. हॉलमधली गरम हवा भिंतीतल्या जाळीतून आत ओढली जाते, फिल्टरमधून गाळून कॉइलवरून जाते आणि गार होऊन परत हॉलमध्ये येते. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही किंवा गॅस कमी झाला, की कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ धरला की हवा अडते, हॉल तापतो आणि एसी बंद केला की तोच बर्फ वितळून लोकांच्या डोक्यावर पडतो. हे दर गुरुवारी होत होतं. आठवड्यातले बाकीचे दिवस तेच मशीन तोंडातून चकार शब्द न काढता चालायचं. अरबांची लग्नं झाली, बँकवाल्यांची जेवणं झाली, एक थेंब पडला नाही.

मी गॅसचं प्रेशर तपासलं, बरोबर होतं. पंख्याचे पट्टे बदलले. थर्मोस्टॅट नवा बसवला. फिल्टर मी आलो की प्रत्येक वेळी स्वच्छ धुतलेला दिसायचा, कारण आमचा नियमच तसा होता. तक्रार आली की मेकॅनिकने आधी मशीन बंद करायचं, फिल्टर काढून धुवायचा आणि मग इंजिनियरला फोन करायचा. दत्ताराम नियमाला पक्का. मी विचारलं तर म्हणायचा, "धूळ व्हती साहेब, सफेद. ह्या गावात दुसरा काय असतला?" बहारीनची धूळ खरंच पांढरट असते. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या गुरुवारनंतर प्रेस्कॉटसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा असं झालं तर दत्तारामचा व्हिसा कॅन्सल, असं सांगून टाकलं. खलास. चहा गार झालाय असं सांगावं, त्या आवाजात. दत्ताराम मालवणकडचा. नुकताच लग्न करून सुट्टीवरून परत आला होता. बहारीनला नोकरी आहे म्हणून तर मुलीकडच्यांनी होकार दिला होता. हे मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, कंपनी कोणाच्या लग्नाची जबाबदारी घेत नाही. स्वतःच्या नाचाची घेते, हे मी मनात म्हणालो.

दत्तारामला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मी झोपलंय नाय हो. त्या धांगडधिंग्यात झोप खंय लागता? घरी जाऊन काय सांगू मी?"

मला संताप आला, आणि त्या संतापातच मी ठरवलं की बिघाड होईपर्यंत घरी वाट बघायची नाही. पहिल्या गाण्यापासून हॉलमध्ये बसायचं. पण स्टाफला युनिफॉर्ममध्ये तिथे मज्जाव, आणि पाहुणा म्हणून जायचं तर जोडीने. मी बायकोला विचारलं. सुलभा एका पायावर तयार. मुलं शेजारी ठेवली आणि ती ठेवणीतली रेशमी साडी नेसून निघाली. दारावर साहेबांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बाजूला झाले.

आत जे पाहिलं, ते मी नोकरीतल्या बाकी सगळ्या वर्षांत पाहिलं नाही. पायघोळ पँट घातलेले ऑइल कंपनीचे अकाउंटंट लाथा झाडत होते, गिरक्या घेत होते, मध्येच पाठीवर पडून टुणकन उठत होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कोणी हसतसुद्धा नव्हतं. प्रत्येकाने खांद्याला लावून बॅग आणलेली, तिच्यात टॉवेल आणि बदलायला बनियन. माणूस मौज करायला येतो की दंड भोगायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मधोमध प्रेस्कॉटसाहेब. दिवसा ज्यांच्या पँटची इस्त्री मोडत नसे, ते भोवऱ्यासारखे फिरत होते.

मी जाळीजवळची खुर्ची धरून बसलो. सुलभाला काही बसवेना. "अहो, तिकीट काढून आलोय, जाळी काय बघत बसलाय?" म्हणत तिने मला ओढलं. आम्हाला गणपतीच्या मिरवणुकीत नाचतात तेवढंच येत होतं, तेवढं आम्ही नाचलो. चार पावलं झाली नाहीत तोच तिचा पाय सटकला आणि ती हातावर पडली. मी घाबरलो. ती मात्र उठून तळहात बघत राहिली. हात पांढरा, साडीचे काठ पांढरे. तिने हात नाकाशी नेला.

"अहो, ही धूळ नाहीये," ती म्हणाली. "ही बाळाला लावतो ती पावडर आहे."

मी खाली बघितलं. सगळा फ्लोअर पांढरा झालेला. तेवढ्यात एका अकाउंटंटने बॅगेतून डबा काढला आणि पायाशी पावडर शिंपडली. कॅरम बोर्डावर शिंपडतात तशी, आणि त्याच कारणासाठी. पाय घसरला पाहिजे, गिरकी सुळकन बसली पाहिजे. शेदोनशे पाय ती पावडर उडवत होते आणि आमची जाळी, अगदी फ्लोअरला लागून, ती इमानदारीने आत ओढत होती.

मी दत्तारामला बोलावलं. त्याला सांगितलं, फिल्टर काढ, पण आज धुवायचा नाही. एसी अजून चालू होता, पण हवा मंदावली होती. फिल्टर बाहेर आला तो गादीसारखा, पांढरा, फुगलेला, सुगंधी. तो मी दोन्ही हातांनी धरला आणि नाचणाऱ्यांमधून वाट काढत थेट प्रेस्कॉटसाहेबांसमोर नेला. साहेब थांबले. त्यांच्याही हातात डबा होता.

"हा घ्या तुमचा झोपलेला माणूस," मी म्हणालो.

ते फिल्टरकडे बघत राहिले. पावडर तर सगळेच टाकतात, म्हणाले. त्यांच्या गावातल्या प्रत्येक क्लबात टाकतात, त्याशिवाय हा नाच होतच नाही. मी म्हटलं, तुमच्या गावात एसी असतो का? तेव्हा त्यांनी डबा हळूच पाठीमागे नेला. प्रकरण वाढवलं तर कंपनीच्या संचालकांपुढे बिघाडाचं कारण म्हणून स्वतःचं नाव सांगायची पाळी येणार, एवढं त्यांना बरोबर समजलं. व्हिसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दारावर पाटी लागली, पावडर आणण्यास मनाई. पावडरशिवाय त्या शूरवीरांना नाचता येईना. गुरुवारची गर्दी ओसरली आणि थोड्याच महिन्यांत क्लब आपोआप बंद पडला. साहेबांनी दत्तारामची माफी मागितली का, असं लोक मला विचारतात. नाही. एसीत काही 'टेक्निकल प्रॉब्लेम' होता आणि तो आपण जातीने लक्ष घालून सोडवला, असं ते सगळ्यांना सांगत. दत्तारामला याचं काही वाटलं नाही. कारण कळल्यावर तो इतका हसला, की पाना हातातून पडला. "म्हणजे माझी नोकरी क्यारम खेळणाऱ्यांनी खाल्ली असती," म्हणाला. पुढच्या वर्षी तो बायकोला मुलगा झाला म्हणून पेढे घेऊन आला.

मी पुढे हाताखाली बरेच मेकॅनिक तयार केले. मशीन बिघडलं की काय करायचं, ते त्यांना मॅन्युअलमध्ये सापडतं. मी एवढंच शिकवलं, की मशीन उघडण्याआधी तक्रार करणाऱ्या साहेबाच्या हातात काय आहे, ते बघून घ्या.