हात पोडियमवर ठेवा, मॅडम

टीव्हीवर मी पळत होते. आवाज नव्हता.

राजापेठेतल्या आमच्या क्लासच्या ऑफिसात दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी मीटिंग असायची. पाच शिक्षक, एक संचालक. त्या दिवशी संचालकांनी वर्गातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. माझा नववीचा विज्ञानाचा तास, धडा रक्ताभिसरणाचा. मी रक्त झाले होते. टेबल म्हणजे हृदय, खिडकी म्हणजे फुप्फुस. टेबलापासून खिडकीपर्यंत धावायचं, तिथं छातीभर श्वास घ्यायचा, परत टेबलाशी यायचं आणि मग बाकांमधून थेट शेवटच्या पोरापर्यंत. वर्गात हे करताना मला काही वावगं वाटलं नव्हतं. पण आवाज काढून घेतला की धावणारी बाई वेडी दिसते. ओढणी खांद्यावरून घसरलेली. हात हवेत.

संचालकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. नेमकं माझं तोंड उघडं असताना.

"मॅडम, इथे डॉक्टर-वकिलांची मुलं येतात. शिक्षकाचा एक आब असतो. हे हातवारे आईकडून आले असतील. बाजारात बांगड्या विकायला ते लागतच असेल."

सगळे हसले. मीही हसले.

तेच हसणं मला अजून सलतं. आम्ही मणियार. अंजनगाव सुर्जीत माझी अम्मी बांगड्या विकते, बायांच्या हातात भरून देते. मुलाखतीत घरचं विचारलं तेव्हा मीच हे सरळ सांगितलं होतं. या माणसानं ते जपून ठेवलं आणि बरोबर वेळी काढलं.

"सोमवारपासून पोडियमच्या मागे उभं राहायचं. हात पोडियमवर. पहिल्या बाकाच्या पुढे जायचं नाही."

"हो सर," मी म्हणाले. बी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. ही नोकरी सोडून चालणार नव्हतं.

मग मी खांबासारखी उभी राहू लागले. हात आपोआप उठायचे, मी ते दाबून धरायची. शब्द तेच, फळ्यावरची आकृती तीच. पण वर्ग सुटत गेला. आधी जांभया. मग बाकाखाली कुजबुज. मग तीही नाही, नुसती शांतता. शेवटच्या बाकावर वैष्णवी बसायची. नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीनं यायची, प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची. तीसुद्धा दप्तरावर डोकं टेकून पडू लागली. एक दिवस तास संपल्यावर ती जवळ आली.

"मॅडम, तुमी आमच्यावर नाराज हा काय?"

"नाही वं. कावून?"

"आमच्याकडे येतच नाही तुमी आता. आमचं काही चुकलं असन तर सांगा."

मी शाळेत असताना आमचे एक सर पहिल्या दोन बाकांशी बोलायचे. आमच्या ओळीकडे फक्त हजेरीच्या वेळी मान वळायची. आपलंच काहीतरी चुकलंय, असं मी कित्येक वर्षं समजत होते. कुणाला विचारायची हिंमत मात्र झाली नाही. या पोरीला झाली. आणि तिला हे वाटायला लावणारी बाई मी होते. हुकूम दुसऱ्याचा होता, पण पाय तर माझेच थांबले होते ना.

रविवारी घरी गेले. अम्मीपुढं एक नवी नवरी बसली होती. तिला काचेच्या घट्ट बांगड्या हव्या होत्या आणि भीतीनं तिनं मूठ आवळून धरलेली. अम्मी बांगडीकडे बघतच नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, पार पुढे झुकून.

"हात सैल सोड माय. सासर कुठचं तुयं?"

पोरगी सांगायला लागली. सांगता सांगता हसली. मूठ कधी उघडली तिलाच कळलं नाही, आणि एकही बांगडी फुटली नाही. लहानपणापासून मी हे हजारदा पाहिलं होतं. आणि त्या ऑफिसात मी याच्यावर हसले होते. माझीच मला किळस आली.

पुढच्या मीटिंगला संचालकांनी नवं रेकॉर्डिंग लावलं.

"बघा. आता कशा शिक्षिका दिसतात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. या वेळी मी स्वतःकडे पाहिलंच नाही. पोरांकडे पाहिलं. चाळीस डोकी खाली. एकसुद्धा नजर वर नाही. आणि माझा आवाज फुटला, तो घरच्या बोलीत.

"सर, आपण सगळे मलेच पाहून राहिलो. पोरं पाहा. झोपले ते. त्या दिवशीचं पुन्हा लावा आन् त्यायचे चेहरे पाहा."

"भाषा सांभाळा, मॅडम."

"भाषा माहीच हाय. आन् माह्या अम्मीचं नाव पुन्हा घेऊ नका. तिच्यावानी समोरच्याले ओळखता येत नाही इथं कोणाले. मलेबी नाही."

संचालक फाइल बंद करत म्हणाले, "पोडियममागे उभं राहायचं नसेल तर सोमवारपासून येऊ नका."

"नाही राहणार उभी."

बाहेर आले. घरी काय सांगायचं, पुढं काय करायचं, डोक्यात नुसता गोंधळ. बहादुरी वगैरे काही वाटत नव्हती. पण येऊ नका म्हणाले होते ते सोमवारपासून. शनिवारची पाचची नववीची बॅच माझी होती.

मी वर्गात गेले. पोडियम ढकलून कोपऱ्यात लावलं. पोरं दचकून बघायला लागली. मी सरळ वैष्णवीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं. मी भ्याले होते. चूक माझी होती."

मग मूत्रपिंडाचा धडा घेतला. पूर्ण तास. अंगातलं सगळं ओतून.

यापुढं कोण मला शिकवायला उभं करेल, कुठं करेल, तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही रोज नव्यानं काम शोधते. पण जिथं शिकवीन तिथं शेवटच्या बाकापर्यंत चालत जाईन. ज्याला ते चालणार नाही त्यानं मला वर्गाबाहेर काढावं. मी स्वतःहून पुन्हा थांबणार नाही.