कोंबडीएवढा डायनासोर

भाता हे काही त्याचं खरं नाव नव्हे. संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये सगळे त्याला भाता म्हणत, कारण त्याच्याइतकी लांब, संथ आणि नेमकी फुंकर दुसऱ्या कुणाला जमत नसे. आणि तिथलं काम फुंकरीचंच होतं. डायनासोर नुकते कुठे पृथ्वीवर दिसू लागले होते, त्या काळातले सरपटणारे प्राणी वाळूच्या दगडात अडकून पडलेले. दगड कडक, पण आतलं हाड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. ब्रश लागला की पीठ. म्हणून सुईनं कण सुटा करायचा आणि फुंकरीनं उडवायचा. तोंडावर फडकं बांधून फुंकर कशी मारणार? आणि फुंकर मारली की पुढचा श्वास त्याच धुळीतून घ्यायचा.

तरुणपणी हे कोण मनावर घेतो! साहेब पाहुण्यांना घेऊन शेडमध्ये यायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायचे, की स्वारी आठवडाभर खूश. बायको मात्र त्याचे रुमाल धुवायची. बादलीच्या तळाशी बसलेली तांबूस वाळू तिला दिसायची.

मग खोकला लागला तो थांबेचना. डॉक्टर म्हणाले, "दगडाची धूळ छातीत बसलीय. गेला तो श्वास परत येणार नाही. उरलेला हवा असेल तर काम सोडा."

तेव्हा त्याच्या टेबलावर कोंबडीएवढा एक डायनासोर होता. मान, पाय, शेपूट बाहेर आलेली, डोकं अजून दगडात. भात्यानं आयुष्यात पहिल्यांदा धीर करून साहेबांकडे धूळ ओढणारा पाइप मागितला.

"अरे, पाइप हाडच ओढून घेईल," साहेब म्हणाले. "एवढा एक पुरा कर. तुझ्याशिवाय हे कुणाच्या बापाला जमणार नाही."

घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं, तेही कौतुकानं.

"म्हणजे पाइप नाहीच," ती म्हणाली. "चढवलं तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर."

"अगं, फक्त डोकं राहिलंय त्याचं."

"त्याचं राहिलंय. तुमचं कुठे गेलंय?"

पण भाता ऐकतोय कसला! दुसऱ्याच्या हातून ते डोकं बिघडलं तर, हीच त्याला धास्ती. त्यानं ते पुरं केलं. बारीक दातांची रांगसुद्धा शाबूत राहिली.

प्राण्यासाठी काचेची पेटी आली. आतली हवा कोरडी आणि स्वच्छ ठेवायला वेगळं यंत्र. ते घ्यायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. पेटी बंद करायच्या आधी भाता शेवटचं बघायला वाकला.

"मागे हो रे जरा," साहेब म्हणाले. "श्वासाची वाफ हाडाला चांगली नाही."

ज्याच्या श्वासानं तो प्राणी दगडातून सुटला, त्याचाच श्वास आता बाधायला लागला! भात्याला राग यायला हवा होता. खोकला आला. तो निमूट मागे सरकला.

त्यानंतर तो घरीच बसून असतो, खिडकीपाशी, दोन उशांना टेकून. परवा नात अंगणात पडली. सोललेला गुडघा घेऊन रडत सरळ त्याच्याकडे आली. "आजोबा, फुंकर घाला ना."

त्यानं ओठांचा चंबू केला. छातीत नुसती शिट्टी वाजली आणि मग अशी उबळ आली की पोर रडणं विसरून घाबरून मागे झाली.

बायकोनं तिला जवळ ओढलं, गुडघ्यावर हळूच फुंकर घातली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "एक तरी घरच्यांसाठी ठेवायची होती."