समजा, शंभर वर्षांनी पोलादपूर

त्यांनी हातातला खडू कोटाच्या खिशात टाकला की समजायचं, शास्त्राचा तास संपला. मग ते टेबलाच्या कडेला टेकत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "समजा..." एवढ्या एका शब्दावर अख्ख्या वर्गाचा गलका बंद व्हायचा. कोटाचा उजवा खिसा आतूनबाहेरून पांढरा झालेला असे. तो कोट धुऊन धुऊन त्यांची बायको टेकीला आली होती. "शाळा तुम्हाला पगार देते की खडू?" असं ती आमच्यादेखत विचारायची आणि सर मान खाली घालून हसायचे.

ही गोष्ट साठ सालच्या आगेमागची. पोलादपूरच्या हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो, ते शास्त्र. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणत असे. आमचे इंग्रजीचे आणि चित्रकलेचे शिक्षक घाटापलीकडचे, खेडचे. शनिवारी घरी जायचे, सोमवारी एस.टी.ने परत यायचे. पावसाळ्यात कशेडीत दरड कोसळली की दोघेही पलीकडे अडकत आणि त्यांचे तास सरांकडे येत. घाटात दरड पडावी म्हणून देवाला नारळ बोलणारी पोरं मी याच शाळेत पाहिली.

सरांच्या गोष्टी राजाराणीच्या नसत. मुंबईच्या फुटपाथवरून आणलेली, कव्हरं फाटलेली इंग्रजी पुस्तकं त्यांच्याकडे होती. सगळी पुढच्या जगाची, आणि ते जगही वाईट. सर ती आमच्या मुलखात आणून सोडत. "समजा, शंभर वर्षांनी महाड. सावित्रीचं पाणी घरोघर नळाने येतं. पण प्यायचं असेल तर आधी तहान लागल्याचा अर्ज करायचा. अर्ज यंत्राकडे जातो. यंत्र म्हणतं, तुला तहान लागलेली नाही."

"सर, मग भात कोण लावतं?"

"यंत्र."

"आणि आई काय करते?"

"आईचं काय करायचं, ते यंत्राचं अजून ठरायचंय," सर गंभीरपणे सांगत. पोरांच्या अंगावर काटा यायचा, आणि तास संपल्याची घंटा झाली की हीच पोरं घंटा देणाऱ्या शिपायाला शिव्या घालायची.

आमच्या दोन वर्गांमध्ये नुसता बांबूचा तट्ट्या होता. पलीकडे 'समजा' झालं की अलीकडे माझं व्याकरण बुडालंच. पुढे पुढे मीही नुसता शिकवल्यासारखं करत असे आणि कान तिकडे ठेवत असे.

एकदा एक बाई तक्रार घेऊन आली. "सर, पोरगा जेवताना ईचारतो, ही भाकरी कुणाच्या परवानगीनं खायची. काय सांगू याला?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, माझ्या."

"बरोबर उत्तर आहे," सर म्हणाले. बाई आली होती भांडायला, गेली पदराआड हसत.

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, इतक्या भीषण गोष्टी मुलांना आवडतात तरी कशा?" सरांनी चष्मा पुसला. "अहो, त्यांना घरीदारी सगळे सांगत असतात, गप्प बस. आणि या गोष्टीत गप्प बसणाऱ्याचं वाटोळं होतं. आवडणार नाही तर काय?" आज माझी नात तसल्याच एका जाडजूड पुस्तकात नाक खुपसून बसते. जग बुडालेलं असतं आणि तिच्याच वयाची कुणीतरी मुलगी ते सावरायला निघालेली असते. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. मला सरांचं म्हणणं आठवतं आणि मी दुसरी हाक मारत नाही.

तर एका सोमवारी दरड आली होती आणि सर सांगत होते, "समजा, शंभर वर्षांनी पोलादपूर. एका माणसाने भर सभेत एक प्रश्न विचारला. यंत्राने हुकूम काढला, हा माणूस आजपासून नाही. तो समोर उभा असला तरी त्याच्याकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही."

भिकू नावाचा पोरगा ताडकन उभा राहिला. कापडे गावाच्या पुढे डोंगरात एक गाव आहे, तिथला. नाव सांगत नाही, तिथे आता या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं सुखाने नांदताहेत. भिकूचा आजा त्या गावच्या गावकीचा मुख्य पंच. उत्तर येत असलेल्या मुलाच्या उत्साहात भिकू म्हणाला, "सर, ह्याला शंभर वर्षं कशाला? आमच्या गावात आत्ताच हाय. ही सुनंदी बघा. हिच्याशी आम्ही कोण बोलत नाय."

त्याला वाटलं, सर शाबासकी देतील. तट्ट्याच्या अलीकडे माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. सुनंदा मुलींच्या बाकावर टोकाला बसायची आणि आम्हा सगळ्या शिक्षकांचं मत होतं, की मुलगी हुशार आहे पण अबोल आहे.

"तिने काय केलं?" सरांचा आवाज आला.

"तिनं काय नाय केलं. तिच्या बापानं बैठकीत ईचारलं, शिमग्याची पालखी आमच्या आळीला का येत नाय. माफी माग म्हटलं, तर ती पण मागितली नाय. मग टाकला वाळीत."

"आणि तुला काय वाटतं रे?"

हा प्रश्न भिकूला जन्मात कुणी विचारला नसावा. तो खाली बसला.

सरांनी उपदेश केला नाही. फुटपाथवरच्या त्या पुस्तकांची शेवटची पानं बहुधा गळालेली असत, म्हणून गोष्टीचा शेवट पोरांनीच करायचा असा रिवाज होता. "सांगा, त्या माणसाचं पुढे काय व्हावं?" एवढंच ते म्हणाले. वर्गात नुसती हमरीतुमरी झाली. कुणी यंत्र फोडायला निघाला, कुणी माणसाला मुंबईला पाठवलं. सगळ्यांत शेवटी भिकू म्हणाला, "एकानं त्याच्याशी बोलायचं. मग त्या बोलणाऱ्यालापण पुसून टाकतील. मग दुसऱ्यानं बोलायचं. अख्खा गाव पुसल्यावर पुसणारा बोलंल कुणाशी?"

त्याच संध्याकाळी घरच्या वाटेवर, नेहमीसारखी मागून एकटी येणाऱ्या सुनंदाला भिकूने हाक मारली, "सुनंदे, चल गो, पाऊस येतोय." बांधावर गवत कापणाऱ्या बायांनी ते ऐकलं.

भिकूच्या पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी त्याचा आजा आणि दोन पंच हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले. आजा तसा भला माणूस, शाळेच्या छपराला वासे त्यानेच दिलेले. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमी शिकलेले हाव. पोरांना शास्त्र शिकवा. गावाचं गावाला बघू द्या. नायतर आमच्या गावचं एक पण पोर उद्यापासून शाळंत येणार नाय."

"गोष्टी बंद करतो," सर म्हणाले.

"त्यानं काय व्हतंय? तुमी हितं हाव तंवर पोरं ईचारत राहणार."

हेडमास्तर छपराच्या वाशांकडे पाहत होते. सर म्हणाले, "मग मी दिवाळीला जातो. पण पोरं सगळी शाळेत राहिली पाहिजेत. मुलीसुद्धा. सुनंदासुद्धा."

आजाने शब्द दिला. बाहेर आल्यावर मी सरांवर चिडलो. म्हटलं, इतक्यात हार मानलीत? ते म्हणाले, "मी राहिलो तर गोष्ट राहील हो. ऐकायला कोण राहील?" मला त्यांचा फार राग आला होता आणि त्यांच्याइतकं मोठं माणूस आपल्याला दुसरं भेटणार नाही, हेही त्याच क्षणी कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीला शाळा सुटली त्या दिवशी ते महाडच्या एस.टी.त बसायला निघाले, मी थांब्यावर पोचवायला गेलो. बायको सामान घेऊन आधीच पुढे गेली होती. गावकीने पोरांना ताकीद दिली होती, सरांशी कुणी बोलायचं नाही. पोरं आली होती, पण रस्त्यापलीकडे, झाडाखाली, जमिनीकडे बघत उभी. शेजारी काठी टेकून आजा. आयुष्यभर यंत्राच्या गोष्टी सांगत आलेला माणूस आपल्याच गोष्टीत सापडला होता. सर चष्मा कपाळावर चढवून उगाच खिसे चाचपत होते.

तेवढ्यात सुनंदा सरळ रस्ता ओलांडून आली. "सर, माझ्या बोलण्याला हरकत नाय," ती म्हणाली. "मी वाळीतच हाय."

सर इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्यांनी खिसा उलटा करून खडूचे सगळे तुकडे तिच्या ओंजळीत टाकले आणि ते गाडीत चढले. कंडक्टरने घंटी मारली.

सुनंदा झाडाकडे तोंड करून उभी राहिली. त्या मुलीचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"समजा," ती म्हणाली, "शंभर वर्षांनी पोलादपूर. तिथं एक सर हाय. पण तो कुणालाच दिसत नाय."

पोरांच्या माना वर झाल्या. ती तिथेच थांबली, अगदी सरांसारखी. भिकूने आजाकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं. मग तो रस्ता ओलांडून आला.

"मग? पुढं काय झालं गो?"

त्याच्यामागून एक मुलगी आली, मग दोन पोरं, मग सगळीच. आजा हाका मारत होता, पण ऐकायला कुणाचे कान मोकळे नव्हते.

गाडी हलली. मागच्या खिडकीत सरांचं तोंड दिसत होतं. चष्मा अजून कपाळावरच होता, आणि त्याच्याशिवाय त्यांना दोन हातांपलीकडचं काही दिसत नसे. मी धोतर सावरत गाडीमागे धावलो आणि ओरडून सांगितलं, "सर, सगळी आली. ऐकताहेत."