बाबूजींची काठी

माणसाची चाल म्हणजे त्याच्या आयुष्याचा सारांश असतो. हे वाक्य मी गावच्या सभेत उभा राहून म्हणालो होतो. ते काठीच्या खोक्यावर छापलेलं होतं, एवढं सांगायचं राहून गेलं.

काठी मीच घेतली होती. मुठीत सेन्सर, खाली रबरी बूड. बाबूजी चालले की वेग, तोल आणि कोणत्या पायावर किती भार, हे सगळं गोंदियाजवळ मुर्रीला, मी राहतो तिथं, माझ्या फोनवर उमटायचं. बाबूजी राहतात चोरखमाऱ्याकडच्या आमच्या गावी. गावतलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाळीपाळीनं पाणी द्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. त्याला पगार नाही. त्या कामामुळेच गावात त्यांचा शब्द चालतो.

मी काठी दिली तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसणारी म्हातारी मंडळी हजर होती.

"हे काठी चुगली करते म्हंतेत?" त्यातल्या एकानं विचारलं.

"चालल्याची खबर गोंदियाले जाते," बाबूजी म्हणाले.

"मंग तंबाखू सरला, हे बी कळव म्हणा तिले."

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसा, जरा वरून.

काही आठवड्यांत आलेख बिघडला. वेग उतरला, तोल जाऊ लागला, डावा पाय जवळजवळ भार घेईना. फोनवर विचारलं तर बाबूजी म्हणायचे, "मले का झालं? बरा आहो." म्हातारी माणसं दुखणं लपवतात, असं मी बायकोला समजावलं. तुडुमाकडे उतरायच्या दगडी पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तिथून ते पडले तर?

म्हणून धानाच्या पाण्याची सभा होती त्या दिवशी मी गावी गेलो. देवळासमोर सगळे बसले होते. मी फोन उंच धरून आलेख दाखवला आणि 'गतिशीलता', 'जोखीम' असे शब्द वापरले. आवाज छान लागला होता, हे आजही आठवतं आणि तेच जास्त लागतं. आपल्या बापाला चालता येत नाही, हे मी गावाला पटवून देत होतो. बाबूजी मांडी घालून खाली बघत बसले होते.

"पोरगा शिकला आहे," ते शेवटी म्हणाले. "तो म्हंते तं असंन. औंदा दुसऱ्याले द्या."

काम त्यांच्या शेजारच्या, पाळीवरच बसणाऱ्या काकांना मिळालं. माझी पाठ थोपटली गेली.

पुढे गावी गेलो तेव्हा संध्याकाळी पाळीवर त्यांच्यात जाऊन बसलो. चिंचेच्या बुंध्याला काठ्या टेकवलेल्या होत्या. अंधारून आलं तसे एकेक करून सगळे उठले आणि हाताशी आली ती काठी घेऊन निघाले. सेन्सरची काठी काकांनी उचलली आणि डावा पाय ओढत गेले. बाबूजींनी एक बांबूची घेतली.

"बाबूजी, काका तुमची काठी घेऊन गेले!"

"काठी का कोणाची असते गा? हाताले लागली ते घ्याची. सकाळी सगळ्या येथंच येतेत."

हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. एकाच बेटातल्या बांबूच्या काठ्या, आज एकाच्या दारात, उद्या दुसऱ्याच्या. किमती वस्तू आली की ही रीत बदलेल, असं मी न विचारताच धरून चाललो होतो.

"म्हणजे तो आलेख तुमचा नव्हताच?"

"जास्त करून त्याचाच असंन. त्याले ते रबराचं बूड आवडलं."

"मग सभेत सांगितलं काऊन नाही?"

बाबूजी थोडं अंतर चालले. मला गाठायला घाई करावी लागली.

"तू एवढ्या लोकांत उभा राहून बोलून राहिला होता," ते म्हणाले. "तुले खोटा पाडू का?"

सभा पुन्हा बोलावतो, सगळं खरं सांगतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "आता त्याले उतरवतो? एकाले उतरवलं तेवढं पुरे नाही झालं?"



यंदा पाणी काकाच सोडतात. पायऱ्या उतरताना बाबूजी त्यांचा हात धरतात.