चौतीस नंबरच्या खुर्चीचा फोम

त्या गादीकाम करणाऱ्या कारागिराच्या जिभेला हाड नव्हतं. प्रांताच्या विधानसभेतल्या खुर्च्या दुरुस्त करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. सभागृहाला सुट्टी लागली की हा तोंडात चार बारीक खिळे धरून खुर्च्यांखाली आडवा. कोणता आमदार किती कामाचा, हे कळायला त्याला वर्तमानपत्र लागत नसे. "बसणाऱ्याचा फोम दबतो," तो म्हणायचा. "झोपणाऱ्याची पाठ मळते. आणि न येणाऱ्याची खुर्ची पाहुण्यांसाठी जपलेल्या कपासारखी कोरी राहते."

त्यामुळे बायकोचा धाकटा भाऊ निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याने नुसते हात जोडले. मेहुणा जन्मात एका जागी टिकला नव्हता. दुकान काढलं, मोडलं. दोन पक्ष बदलले. आईला सात वर्षांपूर्वी 'महिना-दोन महिन्यांपुरती' म्हणून बहिणीकडे सोडून गेला, तो गेलाच. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. दिवसभर त्या खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या, कारण तिथून गल्लीचं तोंड दिसायचं.

मतदानाच्या दिवशी मेहुण्याला आई आठवली. ताकापुरती आजी म्हणतात, ती हीच. चार कार्यकर्ते आणि दोन फोटोवाले घेऊन तो सकाळीच दारात हजर. म्हातारीला खुर्चीसकट उचलून मतदान केंद्रावर नेलं. मत देऊन झाल्यावर तिचा हात त्याने स्वतः उंच धरला.

"आई, निकाल लागला की पहिला तुझ्याकडे येतो," तो फोटोवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.

फोटो झाले आणि गाड्या भुर्रकन निघून गेल्या. म्हातारी उन्हात, खुर्चीसकट तिथेच. कारागिराने शेजाऱ्याच्या टेम्पोतून तिला घरी आणलं आणि वाटभर मेहुण्याचा उद्धार केला. सासूबाई मात्र हात निरखत होत्या. लेकाने तो सात वर्षांनी धरला होता.

मेहुणा दोनशे अकरा मतांनी निवडून आला. सासूबाईंनी दुपारीच लेकीकडून केस विंचरून घेतले, ठेवणीतले कपडे चढवले. मिरवणुकीचा आवाज जवळ आला, कोपऱ्यावर वाढला आणि मग हळूहळू लांब गेला.

"उद्या येईल गं आई," बायको म्हणाली.

"येईल की," कारागीर म्हणाला. "पुढच्या मतदानाला."

बायकोने डोळे वटारले.

वर्ष सरलं. मेहुणा आला नाही. नवीन वर्षाचं कॅलेंडर मात्र आलं, बाराही महिने त्याच्याच फोटोचं. सासूबाईंनी ते समोर लावून घेतलं. "सभागृहात बसून बसून पाठ मोडत असेल हो त्याची," त्या म्हणायच्या. "कामाचा माणूस आहे."

सुट्टी लागली आणि कारागीर सभागृहात गेला. चौतीस नंबरची खुर्ची मेहुण्याची. ती त्याने मुद्दाम शेवटी ठेवली. रेक्झिन उचकटलं. आतला फोम त्याने वर्षापूर्वी भरला होता तसाच्या तसा होता, चौकोनी, ताठ, कडेला पेनाच्या खुणासुद्धा शाबूत. त्याला हसू यायला हवं होतं, पण राग आला. निदान बोटभर तरी दबला असता, तर म्हातारीला सांगायला काही झालं असतं. "निलाजरा," तो रिकाम्या सभागृहाला म्हणाला, आणि फोम पिशवीत घालून घरी घेऊन गेला.

घरी त्याने सासूबाईंना पलंगावर बसवून त्यांची खुर्ची उघडली. फोम पार पापुद्रा झाला होता. खिडकीकडच्या बाजूला तर फळी लागत होती. त्याने चौतीस नंबरचा फोम कापून तिथे बसवला आणि म्हातारीचा चेपलेला फोम पिशवीत टाकला. उद्या तो मेहुण्याच्या खुर्चीत जाणार होता. आमदारसाहेब सभागृहात बसून झिजले, याला निदान एक पुरावा झाला.

सासूबाई टेकल्या. "मऊ आहे हो. कुठून आणलात, जावईबापू?"

"तुमच्या लेकाकडून."

त्यांचा चेहरा उजळला. "त्याने दिला?"

कारागिराच्या जिभेवर चार-पाच उत्तरं तयार होती. एकाहून एक जहरी. त्याने ती गिळली.

"तुमच्यासाठीच ठेवला होता," तो म्हणाला. "एकदाही बसला नाही त्यावर."

"बघा, मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीकडे आणखी थोडी सरकवून द्यायला सांगितलं.