अंगणातले सात खंड

किस्से कधी साठतात ते कळत नाही. घडत असतात तेव्हा नुसता डोक्याला ताप असतो. पुढे कितीतरी वर्षांनी चार जणी चहाला जमतात, एखादी म्हणते, “बाई, ते मोरीतल्या अंटार्क्टिकेचं सांगा ना,” आणि मग एकातून दुसरा निघत जातो. या चार जणी म्हणजे माझ्या सेलूच्या शाळेतल्या मुली. आता त्यांच्याच मुली कॉलेजात आहेत.

शाळा म्हणजे एका कापसाच्या व्यापाऱ्याची मागची पडवी आणि तिच्यापुढचं अंगण. निजामाचं राज्य होतं. खासगी शाळेला परवानगी लागायची, आणि मिळालेली परवानगी कधी काढून घेतील याचा नेम नसायचा. मुलींना शिकवण्याची गावात कुणालाच घाई नव्हती. मला होती.

*

भूगोल शिकवायचा होता आणि नकाशा नव्हता. परभणीच्या शिक्षण कचेरीकडे मागितला, तर उत्तर आलं की मुलांच्याच शाळांना पुरत नाहीत. मी ठरवलं, नकाशा नसला तरी माझ्या मुली जग बघणार. अंगण सारवून घेतलं, भावाच्या पुस्तकातला चिमुकला नकाशा मांडीवर ठेवला आणि चुन्याने सात खंड काढायला बसले. युरोप काही केल्या जमेना. मुली कडेला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी गंगू नावाची एक पोर म्हणाली, “बाई, ठिपके मांडून काढा की.”

ठिपके मांडले आणि काम सोपं झालं. पाटीवर ‘अ’ काढताना घामाघूम होणाऱ्या मुली आफ्रिका एका दमात काढायला लागल्या.

दिवाळीत गंगूची आई तणतणत आली. पोरीने घरापुढे सडा टाकून रांगोळीच्या जागी आफ्रिका काढली होती. “सासू विचारायलीय, हे कोन्या देवाचं हाय म्हून. मी काय सांगू?”

मी तिला अंगणात नेलं. सांगितलं, ही जमीन आहे, इथे माणसं राहतात, शेती करतात, गुरं राखतात. तिने शांतपणे ऐकलं, आफ्रिकेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, “माणसं राहतेत म्हणता, मग हळदीकुंकू तर वाहावं का न्हाई?”

त्या दिवाळीत सेलूत एका दारापुढे हळदीकुंकू वाहिलेली आफ्रिका होती.

*

आमचं अंगण दक्षिणेला जिथे संपायचं तिथे मोरी होती, म्हणून अंटार्क्टिका मोरीच्या काठावर आली. मुली पाणी पिऊन तांब्या तिथेच विसळायच्या. आठवडा होईपर्यंत तो खंड वाहून जायचा, मी तो परत काढायचे. घरमालकीण कंटाळून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की बाई एक खंड कमी. कोन मोजायला येतंय?”

“मुली मोजतात,” मी म्हटलं आणि चुना कालवायला घेतला.

*

मोजायला पुढे पोलिसांचे अमीनसाहेबही आले. कुणीतरी चुगली केली होती की शाळेतल्या बाई सरकारचं राज्य चिंचोक्याएवढं दाखवतात. खरंच तेवढं होतं. आशियात हिंदुस्थान, त्यात गेरूने रंगवलेलं आमचं हैदराबाद संस्थान.

साहेब अरबस्तानापाशी उभे राहिले आणि त्यांनी छडीने गेरू दाखवला. “बाई, सरकार का मुल्क इत्ता छोटा कायकू बनाए?”

परवानगी गेली म्हणजे सगळंच गेलं. पण लहानाला मोठं दाखवायचं, तर मग शाळा चालवायची कशाला? मी म्हटलं, “साहेब, मोठं काढते. पण त्याच मापात आशिया मोठा होईल. ही भिंत पाडावी लागेल, पलीकडचा कापसाचा जिनिंग कारखानाही.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग छडी वर सरकवत त्यांनी विचारलं, की हा कोणता मुल्क? मी सांगितलं, इंग्लंड. ते वाकले. छडीने इंग्लंड मापलं, आमचं संस्थान मापलं, पुन्हा इंग्लंड मापलं.

“ये तो अपने से बी छोटा है,” ते हळूच म्हणाले. मग शिपायाकडे वळून, “कुछ नै है. चलो.”

*

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचा तळ, गावाबाहेर बसला की तेवढे दिवस भिवरा शाळेत यायची. मेंढरं हलली की तीही जायची. एका मुक्कामात मी ऑस्ट्रेलिया शिकवत होते. तिथे मेंढ्यांचे प्रचंड कळप आहेत म्हटल्यावर ती सरसावून बसली. दुसऱ्या दिवशी बापाचा प्रश्न घेऊन आली: तिथं लांडगा हाय का?

मला माहीत नव्हतं. पण मेंढपाळाच्या पोरीला ‘माहीत नाही’ सांगून वाटेला लावायचं मला पटेना. रेल्वेतल्या एका ओळखीच्या साहेबांकडे जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते मागून आणलं आणि डिक्शनरी घेऊन बसले. वाडा हलायच्या सकाळी रानात जाऊन सांगितलं, लांडगा नाही, रानकुत्री आहेत.

बापाचा चेहरा खुलला. भिवराने मात्र काठी खांद्यावर टाकत विचारलं, “लांडगा न्हाई, तर मग तिथली मानसं रात्री जागतेत कशाला?”

*

आणि कौसा. अकरा-बारा वर्षांची, शेतकऱ्याची मुलगी. बापाने त्याच हंगामात तिचं लग्न उरकायचं ठरवलं होतं. मी दोनदा घरी जाऊन विनवलं, उपयोग झाला नाही. पाथरीकडचे पाहुणे येणार त्या दिवशी कौसाने हट्टाने मला बोलावून घेतलं. मी माजघराच्या दारात बसले.

मुलाचे आजोबा गमत्या स्वभावाचे होते. त्यांनी विचारलं, “साळंत काय शिकलीस गं?”

“खंड.”

“किती हायत?”

“सात.”

“समदे आले?”

कौसाने मान खाली घातली. “पाच आले. दोन राहिलेत.”

सातही खंड मी केव्हाच शिकवले होते. मी गप्प बसले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. “मग होऊ द्या पुरे. अर्धवट कशाला न्यायचं? आमी पुढच्या साली येतो.”

बाप पाहुण्यांसमोर काय बोलणार? कौसा दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी शाळेत हजर.

पुढच्या साली आजोबा खरंच आले. ओसरीवर टेकायच्या आधीच त्यांनी आत हाक मारली, “काय गं, झाले का खंड?”

कौसा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो त्यांच्यापुढे ठेवला, पदर नीट केला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “खंड झाले, आजोबा. आता देश सुरू केलेत.”